शिओ-काकूंची मोटार

काकू मोटार चाखून बघायच्या. चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचं, ते जिभेच्या टोकाला लावायचं, डोळे मिटून क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा. "अजून आहे," म्हणाल्या की पुन्हा बादली, पुन्हा ब्रश. "गेलं," म्हणाल्या की चूळ भरून आत. आमटीत मीठ बरोबर पडलं का हे बघावं तितक्या सहजपणे हे चालायचं. टोकियोला लागून असलेल्या उरायासूतल्या मराठी घरांमधल्या मुलांनी ते एकदा पाहिलं आणि काकूंचं नाव पडलं शिओ-काकू. शिओ म्हणजे मीठ. जपानी शाळेत जाणारी मुलं ती, त्यांना मराठी शब्दाआधी जपानी शब्द आठवायचा. पुढे मोठ्यांनीही तेच नाव उचललं. काकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंय की. सुधा नावाच्या तर आमच्या सांगलीत गल्लीगल्लीत मिळतील."

मी लग्न होऊन जपानला गेले ती नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत. शिरीषचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सॉफ्टवेअरचं कॉन्ट्रॅक्ट होतं आणि आम्ही एदोगावात दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. तो सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा. पुण्यात मी रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करत होते. इथे कचरा कुठल्या दिवशी कुठला बाहेर ठेवायचा हे पाठ करणं एवढंच माझं काम उरलं होतं. अशात संक्रांतीच्या सुमाराला एका अनोळखी बाईंचा फोन आला. "मी सुधा. उरायासूला असते. रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे, ये. स्टेशनवरून चालत येण्यासारखं आहे. साडी नेसलीस तर वरून जाड कोट घाल, इथला वारा समुद्रावरचा असतो."

रविवारी दुपारी लग्नातली साडी नेसून मी पत्ता शोधत गेले. इमारतीसमोरच्या पार्किंगमध्ये एक पांढरी, उंच पाठीची मोटार उभी होती आणि तिच्या खालून रबरी बुटातले दोन पाय बाहेर आले होते.

"कोण ते?" पायांच्या पलीकडून मराठीत आवाज आला.

"मी मेधा. एदोगावाहून. आपण फोनवर बोललो होतो."

"ये, ये. तळमजल्यावरचं डावीकडचं दार, उघडंच आहे. बाकीच्या बायका बसल्यात आत. मी एवढं मीठ काढते आणि आलेच."

"कसलं मीठ?"

"रस्त्यावरचं. काल आइझूहून आले. तिकडे बर्फ धरू नये म्हणून रस्त्याला मीठ मारतात. ते सगळं पोटाला घेऊन येते ही."

मी आत जायला हवं होतं. पण कितीतरी महिन्यांनी मला कळणाऱ्या विषयावर कोणी बोलत होतं. मी कोट सावरून खाली वाकले आणि म्हणाले, "दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, ती बघितलीत का? तिथे चिखल बसला की आतलं पाणी आतच राहतं."

पाय हलले. मग काकू पाठीखालच्या पुठ्ठ्यासकट सरकत बाहेर आल्या. डोक्याला रुमाल, गालावर काळा ओघळ, पन्नाशी ओलांडलेल्या, बांधा किरकोळ. "तुला कसं माहीत?"

"आम्ही पत्र्याला रंग लावून मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायचो. गंज कुठून शिरतो ते बघायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. "आत माझा जुना पंजाबी ड्रेस आहे, न्हाणीघराच्या दाराला लटकवलेला. बदलून ये. आणि येताना केसातली पिन आण."

माझं जपानमधलं पहिलं हळदीकुंकू असं मोटारीच्या दाराखालची भोकं पिनेने मोकळी करण्यात गेलं. आत बायका खोळंबल्या होत्या. आम्ही दोघी हात धुऊन गेलो तेव्हा चहाचं पाणी दुसऱ्यांदा ठेवावं लागलं होतं.

काकूंचे यजमान जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. नव्याने आलेल्या एका बाईला हे तिथेच, शेजारणीच्या कुजबुजीतून कळलं, आणि कुंकवाचा करंडा पुढे आल्यावर तिची बोटं अडखळली. काकूंनी करंडा तिच्या हातात दिला. "तूच लाव मला. लावायचं नसेल तर नको लावूस, तिळगूळ घे, चहा घे. राग नाही." आवाजात धार नव्हती, खरंच विचारत होत्या. ती बाई उठली आणि तिने काकूंना कुंकू लावलं. नंतर त्या दोघी शिऱ्याबद्दल बोलत बसल्या.

काकू एकोणीसशे साठ-सत्तरच्या दरम्यान जपानी भाषा शिकायला आलेल्या. इथेच मिनोरु-सान भेटले. ते रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत होते. भेटीगाठी वाढल्या, लग्न झालं, मूल झालं नाही. मराठी बोलायला इतकी वर्षं फारसं कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांची मराठी त्या सोडून आल्या त्या साली थांबली होती. त्या गाडी म्हणत नसत, मोटार म्हणत. सिनेमाला बोलपट म्हणत. "आमचे वडील म्हणायचे ते शब्द मी घेऊन आले, नवीन आणायला परत कुठे गेले," असं त्यांचं म्हणणं.

मिठाचा धसका मिनोरु-सानमुळे. त्यांचं गाव आइझूच्या डोंगरात, थंडीत माणसाच्या उंचीएवढा बर्फ पडणारं. त्यांची आधीची मोटार वरून चकचकीत होती. दर रविवारी धुवायची, पण वरून. एका थंडीत गावाहून उतरताना घाटात त्यांनी ब्रेक दाबला आणि पाय तळाला टेकला. खालून जाणारी ब्रेकची नळी मिठाने खाऊन खाऊन कागदासारखी झाली होती, ती फुटली. मिनोरु-सानने मोटार डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात घुसवली. काकू शेजारी बसल्या होत्या. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. "पण ते मोटारीतून उतरले ना," काकू सांगायच्या, "आणि खाली वाकून तिच्या पोटाकडे बघत राहिले. कितीतरी वेळ. मला म्हणाले, सुधा, मी हिचं तोंडच धूत होतो."

तेव्हापासून त्या घरात मोटार खालून धुवायला लागले. ही पांढरी मोटार त्यानंतर घेतलेली. थंडी सुरू होण्याआधी तिच्या पोटाला काळा, डांबरासारखा लेप मारून घ्यायचा. पण त्याआधी जिथे थोडाही गंज दिसेल तिथे तो खरवडून पत्रा उघडा करायचा. या बाबतीत काकू कोणाचं ऐकत नसत. "गंजावर लेप म्हणजे न झाडता काढलेली रांगोळी," त्या म्हणायच्या. आणि मिठाच्या रस्त्यावरून आलं की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. मी त्यांना एकदा सांगितलं की रस्त्यावर टाकतात त्यातला एक प्रकार हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे ते मीठ कधी धड वाळतच नाही, पत्र्याला सतत ओलं फडकं गुंडाळल्यासारखं असतं. काकूंना हे इतकं आवडलं की पुढे त्या येईल त्याला ते सांगत, आणि शेवटी म्हणत, "हे मेधाने शोधलं." मी शोधलं नव्हतं. पण परक्या देशात आपल्या नावावर काहीतरी असणं मला बरं वाटायचं.

पाण्याचा एक प्रश्न होता. इमारतीची देखभाल करणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना पार्किंगमध्ये नळ सोडलेला चालत नसे. नियम होता आणि त्यांचं बरोबरही होतं. काकूंनी वाद घातला नाही. जपानी घरात टबमध्ये भरलेलं गरम पाणी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या तरी स्वच्छच असतं, कारण अंग बाहेर धुऊन मग टबात बसायचं. ते पाणी लोक कपडे धुवायला वापरतात. काकू ते बादल्यांनी मोटारीसाठी न्यायच्या. कोमट असायचं, मीठ चांगलं सुटायचं, आणि नळ तर सोडलेला नसायचा. ते गृहस्थ खिडकीतून बघत राहायचे. नियमात टबच्या पाण्याबद्दल काही नव्हतं. सगळं झाल्यावर काकू जमीन अशी झाडून काढत की आधीपेक्षा ती जागा स्वच्छ दिसे.

ही एवढी यातायात कशासाठी, तर सासूबाईंसाठी. मिनोरु-सान गेल्यावर त्यांची आई गावात एकटी उरली. ऐंशीच्या पुढची बाई. मुलाने परदेशी मुलीशी लग्न केलं तेव्हा या घराने काकूंना कितीतरी वर्षं उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. नंतर घेतलं, पण सासूबाई त्यांना नावाने हाक मारत नसत. इंदो-सान म्हणत. भारतबाई, असं म्हणूया. मुलगा गेल्यावर काकूंच्या भावाने सांगलीहून फोन केला होता, आता परत ये म्हणून. काकू गेल्या नाहीत. थंडीचे महिने दर दुसऱ्या शनिवारी त्या पहाटे उठून आइझूला जायच्या. सासूबाईंसाठी रॉकेल भरून ठेवायचं, दारापुढचा बर्फ ओढायचा, छपरावरचा काढायला गावातला माणूस बोलवायचा, औषधं आणून द्यायची, आणि रविवारी परत.

"त्या काही बोलतात का तुमच्याशी?" मी एकदा विचारलं.

"बोलतात ना. रॉकेल संपलंय म्हणतात."

"आणि तुम्हाला राग नाही येत?"

काकू ब्रशचे केस सरळ करत होत्या. "यायचा. पण मिनोरु-सानचा हसण्याचा आवाज आता जगात त्यांच्याकडेच आहे. अगदी तसाच हसतात. वर्षातून एकदा हसतात, पण हसतात."

तिसऱ्या थंडीत मी त्यांच्याबरोबर गेले. शिरीष कामाला ओसाकाला होता आणि काकू म्हणाल्या, "चल, तुला बर्फ दाखवते." फेब्रुवारी होता. हमरस्त्याने कोरियामापर्यंत गेलो, तिथून डोंगराकडे वळलो. रस्ता करडा-पांढरा दिसायला लागला, पुढच्या ट्रकमागून खारट पाण्याचं धुकं येऊन काचेवर बसत होतं आणि वाळून त्याचा पडदा होत होता. काकू दर थोड्या वेळाने काच धूत होत्या आणि म्हणत होत्या, "बघ, पोटाला किती लागत असेल."

गावात पोचलो तेव्हा दुपार होती. घराच्या धुराड्यातून धूर नव्हता. काकूंनी दार सरकवलं, हाक मारली, आणि बूट न काढता आत धावल्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधीही जपानी घरात बुटांनी शिरताना पाहिलं नाही.

सासूबाई गादीवर होत्या. अंग तापलेलं, श्वास घरघरत होता. दोन दिवसांपासून तसं होतं, त्यांनी कोणाला फोन केला नव्हता. काकूंनी रुग्णवाहिकेला फोन केला. एवढ्या बर्फात ती दुसऱ्या गावी गेली होती, यायला बराच वेळ लागेल असं सांगितलं. काकूंनी फोन ठेवला, सासूबाईंचा श्वास पुन्हा ऐकला आणि मला म्हणाल्या, "गाद्या मोटारीत टाक. मागची सीट आडवी कर."

सासूबाई कुशीवर वळल्या. "इंदो-सान, राहू दे. मला घरातच मरू दे."

"ओकाआसान," जपानीत आईला मारतात ती हाक मारून काकू त्यांच्या पायांत मोजे चढवत म्हणाल्या, "मरायचं ते बर्फ वितळल्यावर मरा. आत्ता गावातली सगळी माणसं छपरावर आहेत. तुमच्यासाठी खाली कोण येणार?"

म्हातारीने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला, कोटाच्या बाहीत घालायला.

आम्ही दोघींनी त्यांना उचलून मोटारीत निजवलं. मी मागे बसले, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. गाव संपून घाट सुरू होतो तिथे काकूंनी मोटार थांबवली. मला कळेना का. त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि तो पायाखाली घट्ट लागतोय याची खात्री करून घेतली. मिनोरु-सान त्या ठिकाणी तसं करायचे, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मग मोटार खालच्या गिअरमध्ये टाकून त्या उतरायला लागल्या.

घाटाच्या मध्यावर एक लाकडाचा ट्रक घसरून आडवा झाला होता. आम्हाला तो वळणानंतर दिसला. काकूंनी ब्रेक एकदम दाबला नाही. थोडा दाबला, सोडला, पुन्हा थोडा, असं करत मोटार आणली. बर्फावर चाकं कुरकुरत होती. मी म्हातारीचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती कागदासारखी झालेली नळी होती. ट्रकच्या अलीकडे मोटार थांबली. दोन्हींच्या मधे एखादी खुर्ची ठेवता आली असती. ट्रकवाला खाली उतरून हातवारे करत होता. त्याने आणि मागून आलेल्या दोघांनी फावड्यांनी कडेचा बर्फ काढून वाट केली, आणि काकूंनी मोटार त्या फटीतून काढली. या सगळ्यात त्या एकच वाक्य बोलल्या. "मेधा, श्वास चालू आहे ना, सांगत राहा."

मी खालपर्यंत सांगत राहिले.

इस्पितळात सासूबाईंना आत नेलं. न्यूमोनिया होता. बाहेरच्या बाकावर मी आणि काकू बसलो. थोड्या वेळाने माझ्या शेजारची जागा रिकामी दिसली. मी शोधत बाहेर गेले तर काकू इस्पितळाच्या मागच्या बाजूला मोटारीशेजारी पाठीवर झोपल्या होत्या. सफाईवाल्या बाईंकडून त्यांनी बादली आणि गरम पाणी मागून घेतलं होतं.

"काकू, आत्ता?"

"आत बसून मी काय करू?" मोटारीखालून आवाज आला. "मिनोरु-सानच्या वेळी मी बाकावर बसून राहिले. त्यांचं पोट दुखायचं, ते सांगत नव्हते, मला वरून दिसत नव्हतं. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार आत पसरलंय. मी काय करायचं होतं सांग. तिथे धुण्यासारखं काही नव्हतं."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ब्रश एकाच जागी फिरत होता. मी कोट काढून ठेवला आणि दुसऱ्या बाजूने खाली गेले. मोटारीच्या पोटाखाली आम्ही एकमेकींकडे न बघता काम करत राहिलो. परिचारिका आम्हाला बोलवायला आली तेव्हा तिला आधी मोटारीखाली दोन बायका आहेत हे कळलं नाही. म्हातारीचा श्वास सुधारला होता. ती पाणी मागत होती.

बरं वाटायला लागल्यावर काकूंनी त्यांना उरायासूला आणलं, थंडी संपेपर्यंत. सासूबाई नाही म्हणत होत्या, पण पायांत जोर नव्हता. त्या खिडकीशी बसायच्या. पहिले काही दिवस घरात कुठलाच आवाज नसे, असं काकू म्हणाल्या. मग काकू घर आवरायला आइझूला एक फेरी करून आल्या आणि मोटार धुवायला बसल्या. मी बादल्या भरून देत होते. खिडकीच्या काचेवर टकटक झाली. सासूबाईंनी खिडकी सरकवली आणि काठीचं टोक बाहेर काढून मागच्या चाकाकडे रोखलं.

"तिथे राहिलंय."

काकूंनी बघितलं. खरंच राहिलं होतं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. धुण्याचा दिवस नसला तरी सासूबाईंना मोटारीत काहीतरी दिसायचं. देखभालीचे गृहस्थ एकदा जवळून जाताना सासूबाई त्यांच्याशी आपल्या डोंगरी बोलीत काहीतरी बोलल्या. ते थबकले. ते स्वतः उत्तरेकडचे निघाले, शेजारच्याच खोऱ्यातले. दोघं खिडकीच्या दोन बाजूंना उभं राहून बर्फाबद्दल बराच वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना पार्किंगच्या नळाची चावी आणून दिली. म्हणाले, थंडीपुरती. काकूंनी चावी घेतली, आभार मानले, आणि पाणी मात्र टबचंच वापरत राहिल्या. "कोमट पाण्याची तिला सवय झाली आहे," म्हणाल्या.

त्या महिन्यात एकदा म्हातारी हसली, काकू सांगत होत्या. काकूंनी पायाखालचा साबण पाहिला नाही आणि बादलीसकट बसकण मारली. खिडकीतून तो आवाज आला. काकू ओल्या जमिनीवर तशाच बसून राहिल्या, तो संपेपर्यंत.

वसंत आला तशा सासूबाई हट्टाने गावी परतल्या. काकूंच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मी होते तोवर त्या चालूच होत्या.

आमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुण्याला परतायची तयारी सुरू झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "जाण्याआधी सासूबाईंना भेटून घे. त्या तुला विचारतात. मोटारीखाली असते ती मुलगी, म्हणतात." मार्च संपत आला होता, डोंगरातला बर्फ कडेकडेला राहिला होता. त्याच वेळी मोटारीची शाकेनही होती, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारी तपासणी. ती काकू नेहमी आइझूतल्याच एका गॅरेजात करून घेत. गॅरेजवाले हिरोसे-सान हे मिनोरु-सानचे शाळेतले मित्र. सासूबाईंनाही त्या दिवशी तपासायला इस्पितळात न्यायचं होतं, म्हणून आम्ही तिघी गेलो. इस्पितळातून गॅरेजात आलो. सासूबाई आतल्या खोलीत शेगडीशी बसल्या. हिरोसे-साननी मोटार वर उचलली.

ते दिवा घेऊन खाली फिरले आणि कौतुकाने मान हलवत राहिले. बर्फात पकड यावी म्हणून वापरायचे ते खिळ्यांचे टायर बंद झाल्यापासून रस्त्यावर मीठ वाढलंय, या वयाच्या मोटारीचं पोट असं त्यांनी इकडे पाहिलं नव्हतं. नळ्या धड होत्या, लेप शाबूत होता. मग त्यांनी छोटी हातोडी घेऊन मोटारीच्या लांबीने जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्यांवर ठोकायला सुरुवात केली. ज्यांवर सगळा डोलारा उभा असतो त्या या पट्ट्या. टण, टण, टण, असा आवाज येत होता. मागच्या चाकाजवळ आवाज बदलला.

हिरोसे-सान थांबले. काकूंनी हात पुढे केला. त्यांनी हातोडी दिली. काकूंनी त्याच जागी एक घाव घातला. बाहेरून गुळगुळीत, काळा दिसणारा पत्रा आत गेला आणि भोकातून तपकिरी पापुद्रे खाली पडले. ओंजळभर पडले. दुसऱ्या बाजूलाही तसंच निघालं. पाणी आतल्या पोकळीत शिरत राहिलं होतं आणि तिथे ना ब्रश जात होता ना लेप.

काकूंनी दिवा मागितला आणि त्या भोकातून आत बघत राहिल्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मी रंगाच्या कारखान्यातली, पोकळ जागा आतून कुजते हे मी पुस्तकात वाचलेलं होतं.

"जिथे हात पोचला तिथे गंज नाही आला," काकू मराठीत म्हणाल्या.

हिरोसे-सान म्हणाले, पट्टी जोडून देता येईल. तपासणीतून निघेलही. पण घाटातल्या उताराची मी हमी देणार नाही.

"उतारावर आई असतात," काकू म्हणाल्या. "नको."

निर्णय एवढ्यातच झाला. मोटार खाली उतरवली. काकूंनी आतलं सामान काढायला घेतलं. नकाशा, छत्री, सासूबाईंचं गुडघ्यावर घ्यायचं पांघरूण, बर्फ खरवडायची पट्टी. मिनोरु-सानचा एक हातमोजा सीटखाली सापडला, तो त्यांनी खिशात टाकला. अंगणात दुसऱ्या दोन मोटारी उभ्या होत्या. हिरोसे-सान त्यांतली एक छोटी, चारही चाकांनी ओढणारी, घरी न्यायला देणार होते. घ्यायची की नाही ते पुढे ठरवायचं होतं.

सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. काय झालं ते त्यांना हिरोसे-साननी सांगितलं असावं. त्या मोटारीपाशी गेल्या, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढच्या पत्र्यावर ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "गोकुरो-सान." काम संपवून आलेल्या आपल्या माणसाला घरातलं वडीलधारं असं म्हणतं. खूप श्रम घेतलेस, असा त्याचा अर्थ.

हे म्हणताना त्यांचा हात मोटारीवर होता, पण त्या बघत काकूंकडे होत्या.

काकूंनी वाकून मान झुकवली. जपानी रीतीने, बराच वेळ. सासूबाई वळून छोट्या मोटारीकडे चालायला लागल्या. मी पांघरूण आणि छत्री उचलली. काकूंचे डोळे ओले झाले होते, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "मोटारीला म्हणाल्या का हो त्या?"

"विचारू नकोस मेधा," काकू म्हणाल्या. "मला जे वाटतंय ते वाटू दे." आणि सासूबाईंना दार उघडून द्यायला पुढे गेल्या.